वळवणचे पाणी किती पुरते?

खोपोलीच्या बाजारातून बोरघाटाकडे मान वर केली की कड्यावरून सरळ खाली झेपावणारे जाड लोखंडी नळ दिसतात. पावसाळ्यात धुके त्यांना गिळून टाकते, उन्हाळ्यात ते करड्या कातळावर लांबूनही उठून दिसतात. घाट उतरणाऱ्या गाडीतली पोरे विचारतात, "हे काय?" आणि मोठी माणसे सांगतात, "टाटांचे पाइप." बहुतेकांची माहिती इथेच संपते.

या नळांतून लोणावळ्याचे पाणी खाली येते. वर मावळात वळवण, लोणावळा आणि शिरोता अशी तीन तळी, खाली खोपोलीचे वीजकेंद्र, आणि दोहोंच्या मध्ये सुमारे सव्वापाचशे मीटरचा उतार. आठ फेब्रुवारी १९१५ रोजी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते हे केंद्र सुरू झाले आणि मावळातल्या पावसावर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. तेव्हापासून आजपर्यंत या योजनेच्या मागे एक साधा, घरगुती वाटणारा प्रश्न लागलेला आहे: पुरेल का?

हा प्रश्न आता लोणावळ्या-तळेगावातल्या घरांतही ऐकू येतो, फक्त त्याचा आकार लहान झाला आहे. दहावी-बारावीतला मुलगा तयार जोडलेला गेमिंग कॉम्प्युटर घरी आणतो. काचेच्या बाजूतून आतले रंगीत दिवे चमकतात, ग्राफिक्स कार्डाचे नाव खोक्यावर मोठ्या अक्षरांत असते. पण सगळ्या यंत्राला वीज पुरवणारी पेटी, जिला दुकानदार 'एसएमपीएस' किंवा नुसते 'पॉवर सप्लाय' म्हणतात, ती तळाशी किंवा मागे दडलेली असते. तिच्यावर एक लेबल आणि लेबलावर एक आकडा: ४५०, ५५०, ६५० वॅट. मुलगा खेळ सुरू करतो, चित्र जड होते आणि यंत्र अचानक बंद पडते. मग कुणीतरी जाणता विचारतो, "सप्लाय किती वॅटचा आहे?" खरा प्रश्न त्याच्या पुढचा असतो. ही पेटी किती वेळ, कोणत्या क्षणी आणि कोणत्या परिस्थितीत तेवढे वॅट देऊ शकते? मावळातल्या वीजयोजनेचा सारा इतिहास याच पुढच्या प्रश्नाचा इतिहास आहे.

*

विसाव्या शतकाच्या सुरुवातीची मुंबई कोळशावर चालत होती. परळ, लालबाग, भायखळा भागातल्या कापडगिरण्यांत एकेक प्रचंड वाफेचे इंजिन असे. त्याच्या चाकावरून दोर आणि पट्टे मजल्यामजल्यांवर जात आणि शेकडो माग एकाच फिरत्या दांड्याला बांधलेले असत. कोळसा बंगालातून किंवा परदेशातून यायचा. तो महाग पडायचा, उशिरा पोहोचायचा आणि त्याचा धूर कामगारांच्या चाळींवर पसरायचा.

जमशेटजी टाटा स्वतः गिरणीमालक होते, त्यामुळे कोळशाचा खर्च त्यांना पाठ होता. मुंबईतले डेव्हिड गॉस्टलिंग यांनी पश्चिम घाटातल्या पावसाच्या पाण्यावर वीज तयार करता येईल ही कल्पना त्यांच्यासमोर मांडली. भारताला पाण्याची वीज अगदीच नवी नव्हती. दार्जिलिंगजवळ सिद्रापाँगला १८९७ साली लहानसे केंद्र सुरू झाले होते, आणि म्हैसूर संस्थानात शिवनसमुद्राच्या धबधब्यावरची वीज १९०२ पासून कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळत होती. पण शिवनसमुद्राला बारमाही कावेरी होती. मावळात तसे काहीच नव्हते. इथे होता फक्त पाऊस, आणि तोही चार महिन्यांचा.

हाच या योजनेचा मूळ पेच. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात डोंगराच्या प्रत्येक घळीतून पाणी वाहते. पण सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेला सरकत वडगाव-तळेगावकडे आले की पाऊस झपाट्याने ओसरतो, आणि दिवाळीनंतर माथ्यावरचे ओढेही आटतात. गिरणीला मात्र वैशाखातही तेवढीच वीज हवी. म्हणजे पाणी पडते तेव्हा साठवायचे आणि उरलेले आठ महिने मोजून मापून सोडायचे. घरातल्या बाईने पावसाळ्याआधी कोठारात तांदूळ भरून ठेवावा आणि पुढच्या सुगीपर्यंत रोजचे माप ठरवावे, तसाच हा हिशेब होता.

जमशेटजींचे १९०४ साली जर्मनीत निधन झाले. योजना दोराबजी टाटांनी पुढे नेली. लंडनच्या भांडवलदारांकडून पैसा उभा राहिला नाही, तेव्हा भारतातल्याच गुंतवणूकदारांनी आणि संस्थानिकांनी भाग विकत घेतले. सात नोव्हेंबर १९१० रोजी टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीची नोंदणी झाली. तीनच महिन्यांनी, आठ फेब्रुवारी १९११ रोजी, गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्यात धरणाच्या कामाची कोनशिला बसवली. बरोबर चार वर्षांनी त्याच तारखेला खोपोलीची यंत्रे फिरली.

मावळच्या भूगोलाला या कामाने उलटे वळण दिले. कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावणारी इंद्रायणी पूर्वेला वाहते. देहू-आळंदीवरून जाऊन ती भीमेला मिळते आणि शेवटी कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात पोहोचते. वळवणच्या भिंतीने तिचे वरचे पाणी अडवले आणि कालव्याने पश्चिमेला खंडाळ्याच्या कड्यावर नेले. तिथून ते नळांतून कोकणात कोसळते, टर्बाइनची चाके फिरवते आणि पाताळगंगेत सोडले जाते. जे पाणी पूर्वेच्या समुद्राकडे निघाले होते ते अरबी समुद्राच्या वाटेला लागले. पाताळगंगेला उन्हाळ्यातही पाणी राहू लागले. पुढे तिच्या काठी रसायनी परिसरात उद्योग उभे राहिले, त्यांचा आधार हेच लोणावळ्याचे पाणी.

*

खोपोलीत तयार झालेली वीज सत्तरएक किलोमीटर लांब परळला न्यायची होती. त्यासाठी एक लाख व्होल्टचा दाब निवडला गेला. त्या काळी देशात इतक्या उच्च दाबाने वीज दुसरीकडे कुठे वाहत नव्हती. कारण साधे आहे. तेवढीच ताकद पाठवायची तर दाब जितका जास्त तितका तारेतला प्रवाह कमी, आणि प्रवाह कमी तर तार कमी तापते, वाटेत वीज कमी वाया जाते.

कॉम्प्युटरच्या पेटीत याच्या उलटे घडते. भिंतीतल्या २३० व्होल्टचे ती १२ व्होल्ट करते. दाब उतरला की प्रवाह फुगतो. एनव्हिडियाचे २०२२ साली आलेले 'आरटीएक्स ४०९०' हे ग्राफिक्स कार्ड ४५० वॅट खाते. बारा व्होल्टवर ४५० वॅट म्हणजे साडेसदतीस अँपिअर. घरातल्या जाड थ्री-पिन प्लगला १६ अँपिअरची मर्यादा असते, हे लक्षात घेतले की त्या छोट्या तारांवर किती भार आहे ते कळते. म्हणूनच लेबलावरचा एकूण आकडा वाचून भागत नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही मुख्यतः बारा व्होल्टच्या तारेवर जगतात. त्या तारेवर किती अँपिअर मिळतात ते लेबलावर वेगळे छापलेले असते, आणि पाहायचे ते तिथेच. एकूण बेरीज मोठी पण बारा व्होल्टचा वाटा लहान, अशा पेट्या बाजारात आहेत.

कॉम्प्युटरच्या पेटीलाही तिचा इतिहास आहे, आणि तो मावळच्या इतिहासाशी नवल वाटावे इतका जुळतो. आयबीएमने १९८१ साली पहिला 'पीसी' काढला तेव्हा त्यातला पॉवर सप्लाय अवघा ६३.५ वॅटचा होता. कारखान्यातून निघालेल्या यंत्राला तो पुरत होता. पण लोकांना हार्ड डिस्क बसवायची होती, जास्तीची कार्डे लावायची होती, आणि त्यासाठी तो तोकडा पडू लागला. दोन वर्षांनी आलेल्या 'एक्सटी' मॉडेलमध्ये हार्ड डिस्क आली आणि सप्लाय १३० वॅटचा झाला. त्यानंतरच्या 'एटी'मध्ये तो १९२ वॅटवर गेला. आज एकटे ग्राफिक्स कार्ड त्या पहिल्या पीसीच्या सगळ्या पुरवठ्याच्या सातपट वीज मागते. तयार कॉम्प्युटर बांधणारा कारखाना आजच्या भागांची बेरीज करून पेटी निवडतो, उद्या घरात काय बसवले जाईल ते त्याच्या हिशेबात नसते.

मुंबईत नेमके हेच झाले. खोपोलीची वीज मिळू लागताच मागणी वाढली. विजेवर चालणाऱ्या गिरणीत एका मोठ्या इंजिनाऐवजी ठिकठिकाणी मोटारी बसवता येत, माग एकसारख्या वेगाने फिरत, कोळशाचे ढीग आणि बॉयलर नाहीसे होत. एकाने केले की शेजारचा मागे राहीना. पहिल्या योजनेला जेमतेम सुरुवात होते तोच १९१६ साली आंध्र व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली आणि १९१९ साली टाटा पॉवर कंपनी. शिरोत्याचे धरण १९२० च्या सुमारास पुरे झाले. आंदर मावळात आंद्रा नदीवर ठोकळवाडीला धरण झाले, डोंगर पोखरून बोगद्याने पाणी पश्चिमेला काढले गेले आणि १९२२ साली घाटाखाली भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. १९२७ साली मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे केंद्र चालू झाले. बारा वर्षांत सह्याद्रीच्या एका पट्ट्यावर तीन केंद्रे उभी राहिली.

*

वीजयोजनेच्या हिशेबात दोन वेगळी मापे असतात. किलोवॅट म्हणजे या क्षणी किती जोर लावता येतो ते. युनिट म्हणजे तो जोर किती वेळ लावला त्याचा गुणाकार. कोठारातून एका वेळी किती पायल्या बाहेर काढता येतात हे पहिले माप, आणि कोठारात वर्षाचा एकूण किती तांदूळ आहे हे दुसरे.

सोपे उदाहरण घेऊ. गच्चीवर असते तशी हजार लिटरची पाण्याची टाकी कल्पावी. वळवणच्या तळ्यातले तेवढे पाणी सव्वापाचशे मीटर खाली खोपोलीला कोसळले तर यंत्रांतली घट वजा जाता साधारण सव्वा युनिट वीज मिळते. पूर्ण जोरात चालणारा गेमिंग कॉम्प्युटर पाचशे वॅट खात असेल, तर तारांतली घट धरून ती टाकी त्याला सव्वादोन तास पुरते. सुट्टीच्या दिवशी सात तास खेळायचे तर तीन टाक्या पाणी डोंगरावरून खाली यायला हवे.

हाच हिशेब सगळ्या तळ्यांचा मांडता येतो. कृष्णेच्या पाण्यावरून राज्याराज्यांत वाद झाला तेव्हा बच्छावत लवादाने टाटांच्या या प्रकल्पांतून पश्चिमेकडे वळणाऱ्या पाण्याला मर्यादा घातली: कोणत्याही एका वर्षात जास्तीत जास्त ५४.५ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी. म्हणजे वर्षाला सरासरी ४२ टीएमसीच्या आसपास. एवढ्या पाण्यातून अंदाजे सव्वाशे ते दीडशे कोटी युनिट वीज निघते. खोपोलीची आजची क्षमता ७२ मेगावॅट, भिवपुरीची ७५ आणि भिऱ्याच्या जुन्या केंद्राची १५०. ही तिन्ही केंद्रे रात्रंदिवस पूर्ण ताकदीने चालवली तर वर्षाचे पाणी साधारण सहा-सात महिन्यांत संपेल. म्हणून ती तशी चालवत नाहीत. पाणी राखून ठेवतात, आणि गरज सर्वांत जास्त असते त्या तासांना सोडतात.

हे शहाणपण अनुभवातून आले. गिरण्यांची मागणी दिवसा, घरातल्या दिव्यांची संध्याकाळी, लोकल गाड्यांची सकाळ-संध्याकाळी. सगळ्यांच्या गरजा एकाच मिनिटाला शिगेला पोहोचत नाहीत, त्यामुळे एकाच केंद्रावर अनेकांचे भागते. आणि पाऊस कमी झाला त्या वर्षी तळ्यांना आधार द्यायला कोळशाचे केंद्र जोडीला हवे, हेही लवकरच कळले. कल्याणजवळ ठाकुर्लीला रेल्वेने चोळा येथे स्वतःचे कोळशावरचे वीजघर उभारले होते. १९५६ साली तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, टाटांचे औष्णिक केंद्र सुरू झाले. पाण्याने शिखर सांभाळायचे आणि कोळशाने रोजचा पाया, अशी वाटणी हळूहळू रूढ झाली.

*

क्षणिक भाराचे सर्वांत जिवंत उदाहरण मात्र बोरघाटाच्या रेल्वेमार्गावर पाहायला मिळाले.

हा घाट १८६३ साली आगगाडीला खुला झाला. ३७ मीटर पुढे गेले की एक मीटर चढ, इतकी तीव्र चढण. खंडाळ्याजवळ गाडीला उलटे फिरवून वर नेणारे स्टेशन होते आणि वाफेची इंजिने धापा टाकत तिथून वर येत. त्या इंजिनांची तहान भागवायला रेल्वेने भुशीला बंधारा घातला. आज त्याच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात पर्यटकांची झुंबड उडते.

मुंबईत पहिली विजेची गाडी तीन फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी धावली. पाच नोव्हेंबर १९२९ पासून कल्याण ते पुणे मार्गावर, म्हणजेच घाटातही, विजेची गाडी आली. एक जून १९३० रोजी विजेच्या इंजिनाने ओढलेली 'डेक्कन क्वीन' पुण्याला पोहोचली. घाटातल्या मालगाड्यांसाठी आणलेल्या लांबट, मधे सांधा असलेल्या हिरव्या इंजिनांना रेल्वेतल्या माणसांनी 'खेकडा' हे नाव दिले, आणि तेच रूढ झाले.

भरलेली मालगाडी कर्जतहून घाट चढू लागली की वीजघरातल्या काट्याला जोराचा धक्का बसे. गाडी माथ्यावर लोणावळ्याला पोहोचली की तो धक्का ओसरे. सरासरी मागणी माफक, क्षणाची मागणी अफाट. या अडचणीवरचा एक सुंदर उपाय त्या खेकड्यांच्या पोटातच होता. घाट उतरताना त्यांच्या मोटारी जनित्रे बनत आणि गाडी रोखता रोखता वीज तारेत परत सोडत. खाली उतरणारी गाडी वर चढणाऱ्या गाडीला हात देई.

कॉम्प्युटरच्या दुनियेला हा क्षणिक धक्क्याचा धडा अलीकडे नव्याने शिकावा लागला. नवी ग्राफिक्स कार्डे सरासरीने लेबलाइतकीच वीज खातात, पण सेकंदाच्या अगदी लहानशा तुकड्यात त्यांची मागणी कितीतरी वर उसळते. पेटीतली सुरक्षायंत्रणा ती उसळी बघून यंत्र बंद करते. मालकाला वाटते यंत्र बिघडले, आणि बेरीज तर बरोबर दिसत असते. इंटेलने २०२२ साली जाहीर केलेल्या 'एटीएक्स ३.०' या मानकात म्हणूनच नवी अट आली: शंभर मायक्रोसेकंदांपुरती, पेटीच्या ठरलेल्या क्षमतेच्या दुप्पट मागणी आली तरी तिने मान टाकता कामा नये. बोरघाटातल्या विजेच्या माणसांना हे गणित नव्वद वर्षांपूर्वीच रोज सोडवावे लागत होते.

*

पुरवठा पुरेसा करण्याची किंमत कोण मोजतो, हा या इतिहासातला सर्वांत दुखरा भाग आहे.

मुळशीचे खोरे मावळ्यांचे. आंबेमोहोराच्या सुवासिक भाताची जमीन. टाटांच्या तिसऱ्या योजनेत ती पन्नासच्या आसपास गावांसह पाण्याखाली जाणार होती. जमीनधारकांची रीतसर संमती न घेता काम सुरू झाले तेव्हा शेतकरी उठले. सोळा एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले आणि या लढ्यातूनच महाराष्ट्राने त्यांना 'सेनापती' म्हटले. विनायकराव भुस्कुटे त्यांचे खंदे सहकारी होते. 'जान किंवा जमीन' ही घोषणा खोऱ्यात घुमली. स्त्री-पुरुषांनी खोदकामाच्या जागी बसून काम बंद पाडले, मार खाल्ला, तुरुंगात गेले. सरकारने भूसंपादनाचा कायदा वापरून कंपनीचा मार्ग मोकळा केला. १९२४ च्या अखेरीपर्यंत लढा मोडला गेला, बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि १९२७ साली भिऱ्याची चाके फिरली. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहावरच्या आपल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच त्याला जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे.

मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरी पडावी म्हणून ज्यांची भातखाचरे गेली, त्यांच्या वाड्यांत रात्री रॉकेलची चिमणीच जळत राहिली. डोंगरातल्या कित्येक वस्त्यांपर्यंत विजेचा दिवा पोहोचायला पुढे अनेक दशके लागली. लाखभर व्होल्टच्या तारा डोक्यावरून जात होत्या आणि खाली अंधार होता. कोणत्याही हिशेबाच्या वहीत हा तोटा धरलेला नव्हता. मावळच्या वीजयोजनेबद्दल अभिमानाने लिहिताना, आणि तिच्या बांधणीचा अभिमान वाटायलाच हवा, हे पान उलटून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

*

स्वातंत्र्यानंतर कोयनेची वीज आली आणि राज्याचा तोल तिकडे झुकला. १९६२ मध्ये सुरू झालेल्या कोयनेच्या मानाने खोपोली लहानच होती. पण अकरा डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तिथली वीज थांबली आणि मुंबईला झळ बसली. एकाच मोठ्या आधारावर विसंबणे किती जोखमीचे असते ते तेव्हा कळले.

मुंबईने पुढे आपल्यासाठी एक वेगळी तजवीज केली. बाहेरचे जाळे कोसळले तर शहर आपल्यापुरते तुटून स्वतःच्या केंद्रांवर तग धरेल, बेटासारखे, अशी ती रचना. अनेकदा ती उपयोगी पडली. सोमवारी, बारा ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमारास मात्र ती टिकली नाही. कळवा-पडघा भागातल्या उच्चदाब वाहिन्या बंद पडल्या आणि पाठोपाठ मुंबई महानगर काळोखात गेले. लोकल रुळांवर थांबल्या. करोनाचे दिवस होते, रुग्णालये भरलेली होती, लाखो लोक घरून काम करत होते. कागदावर शहराला पुरेल एवढी वीज होती, पण ज्या क्षणी हवी होती त्या क्षणी ती पोहोचली नाही.

अशा वेळी जलविद्युत केंद्राचे मोल कळते. कोळशाचे थंड पडलेले केंद्र पुन्हा पेटवायला कित्येक तास लागतात, आणि त्याच्या पंखे-पंपांना चालवायलाही आधी वीज लागते. पाण्याच्या केंद्रात झडप उघडली की काही मिनिटांत चाक फिरू लागते. खोपोली, भिवपुरी, भिरा ही शंभरीच्या घरातली केंद्रे म्हणूनच आजही मुंबईच्या वीजव्यवस्थेत मानाचे स्थान राखून आहेत. त्यांची एकूण क्षमता शहराच्या गरजेपुढे लहान आहे, पण ती हाकेसरशी धावून येतात.

कॉम्प्युटर घेणाऱ्यालाही यातून नेमका सल्ला काढता येतो. लेबलावरच्या एकूण वॅटऐवजी बारा व्होल्टचा आकडा वाचावा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या कमाल मागणीची बेरीज करून वर तिसरा हिस्सा तरी मोकळा ठेवावा. ग्राफिक्स कार्डाच्या उत्पादकाने किमान किती वॅटचा सप्लाय सांगितला आहे ते पाहावे. '८० प्लस'ची खूण किती वीज वाया जात नाही ते सांगते, पेटी धक्का सोसेल याची हमी ती देत नाही, हे ध्यानात ठेवावे. तयार यंत्रात सुट्या बाजारातली नेहमीची पेटी बसते की कंपनीचा वेगळाच जोड आहे, तेही घेण्याआधीच विचारावे, म्हणजे पुढे बदलायची वेळ आली तर अडणार नाही. लोणावळ्यासारख्या ठिकाणी, जिथे पावसाळाभर भिंती ओल धरतात आणि वादळात वीज येते-जाते, तिथे चांगले अर्थिंग आणि यूपीएस यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा.

*

मावळात आता पुढचा आकडा मांडला जातो आहे. सौरऊर्जा दुपारी मुबलक असते आणि संध्याकाळी, नेमकी मागणी वाढते तेव्हा, मावळते. त्यावरचा उपाय म्हणजे पाणी खेळवणे: दुपारच्या स्वस्त विजेने खालचे पाणी पंपाने वरच्या तळ्यात चढवायचे आणि संध्याकाळी पुन्हा खाली सोडायचे. भिऱ्याला १५० मेगावॅटचा असा एक संच १९९० च्या दशकातच उभा राहिला. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर आणि महाराष्ट्र शासन यांच्यात अशाच दोन मोठ्या प्रकल्पांचा सामंजस्य करार झाला: भिवपुरीला १,००० मेगावॅट आणि शिरोत्याला १,८०० मेगावॅट, मिळून सुमारे १३,००० कोटी रुपयांची गुंतवणूक.

हे आकडे आजच्या केंद्रांशेजारी ठेवून पाहावेत. खोपोली, भिवपुरी आणि भिरा यांची सगळी मिळून क्षमता ४४७ मेगावॅट. एकट्या शिरोत्याचा प्रस्तावित आकडा त्याच्या चौपट आहे. विजेच्या दृष्टीने ही योजना शहाणपणाची आहे, कारण ती किती वॅट या प्रश्नाबरोबर कोणत्या वेळी या प्रश्नाचेही उत्तर देते. पण तिच्यासाठी मावळात पुन्हा जमीन लागेल, डोंगर पोखरले जातील, तळ्यांकाठच्या वाड्यांचे रस्ते आणि पाणवठे बदलतील. १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्याला शेवटी विचारले गेले, तेही नुकसानभरपाईचा दर सांगण्यापुरते. या वेळी कागदावर आकडे पक्के होण्याआधी शिरोत्याच्या आणि आंदर मावळातल्या ग्रामसभांना समोर बसवून सगळा हिशेब मराठीत मांडावा, आणि त्यांच्या घरातली वीज, पाणी आणि जमीन यांच्या नोंदी त्या हिशेबाच्या पहिल्या पानावर असाव्यात, एवढी मागणी मावळ हक्काने करू शकतो.